मराठी आठ

तळहाताएवढं पुस्तक होतं ते, राखी रंगाचं,
शिवणीचा दोरा सुटलेला.
एकोणनव्वद सालचं. आत निळी शाई,
आणि दोन हजार एकोणीसच्या पाण्यानं
पानांच्या कडेनं ओढलेली चहाच्या रंगाची रेघ.

"मावशी, हे आता म्युझियमला द्या,"
सांगलीच्या आरटीओबाहेर अल्ताफ पटवेगार म्हणाला.
वर छत्री, खाली प्रिंटर, मध्ये तो.
"कार्ड करून घ्या. देशभर एकच नमुना.
काश्मीरला गेलासा तरी चालतंय."

काश्मीरला कशाला जाऊ.
मला कुपवाडला मुलीकडं जायचं असतं आठवड्यातनं दोनदा,
आणि चौकातल्या पोलिसानं पुस्तक उलटंसुलटं करून
विचारलं होतं, रेशनकार्ड आहे काय हे?

खिडकीतला पोरगा आळीपाळीनं दोघींकडं बघत राहिला.
पुस्तकात त्रिशला जिनगोंडा पाटील,
आधारवर त्रिशला भूपाल मगदूम.
"ह्या कोण?"
मीच. लग्नाआधीची.
"पुरावा?"
मी चष्मा काढून भुवई दाखवली.

ओळखखूण : डाव्या भुवईवर व्रण.
डुबल साहेबांचं अक्षर. व्रणातला 'व्र' असा काढलाय
की बोट लावलं तर ओला लागेल.
अग्रणीच्या पात्रात लुना घसरली,
मी लसीचा डबा वर धरला
आणि तोंड खाली आपटू दिलं.
बर्फ शाबूत, कुप्या शाबूत, मला पाच टाके.
तेव्हा लायसन नव्हतंच माझ्याकडं,
हे आज सरकारला सांगायला हरकत नाही.

पोरगा म्हणाला, भुवई चालत नाही, विवाहाचा दाखला आणा.

दुसऱ्या दिवशी दाखला.
तिसऱ्या दिवशी सर्व्हर डाऊन.
चौथ्या दिवशी कळलं, माझा जुना नंबर चार आकडी,
मशीनला एवढा लहान नंबर खराच वाटत नाही.
पुढं कितीतरी शून्यं लावली पोरानं,
तेव्हा मी संगणकात शिरले.

नव्या अर्जात ओळखखुणेला रकाना नाही.
रक्तगट आहे. अवयव देणार का, होय, नाही.
मी होय म्हटलं.
पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या दंडात सुया टोचल्यावर
नाही कुठल्या तोंडानं म्हणायचं?
फोटोला बसवलं. कान दिसू द्या. हसू नका.
हसत नव्हते मी. टाक्यांमुळं ती भुवई
तशीच वर राहते, जरा विचारल्यासारखी.

मग त्यानं पुस्तक घेतलं, पंचिंग मशीनमध्ये सरकवलं,
कट् केलं आणि परत दिलं.
"रद्द झालं. ठेवा आठवण म्हणून."
भोक नेमकं 'मोपेड'मधल्या 'पे'वर.
उरलं मोड.
मटकीला येतो तो, की कंडक्टर मागतो ती,
स्टँडपर्यंत विचार करत गेले असते,
पण गाडी होती.

मैदानात एक पोरगी स्कूटीवर परीक्षा देत होती.
पांढऱ्या चुन्यात आखलेला आठ,
तिचे दोन्ही पाय हवेत, टेकू टेकू म्हणणारे.
मला डुबल साहेब म्हणाले होते, आठ काढा.
पदर खोचलेला, बांधावर पंधरा-वीस पुरुष बघे,
आणि घाबरून मी विचारलं होतं,
साहेब, मराठी आठ की इंग्रजी?

ते थांबले. टोपी काढली.
"बाई, मराठी काढलात तर परत कशा येणार?
तो निघूनच जातो."
आणि मग इतके हसले की
माझा इंग्रजी आठ त्यांनी पाहिलाच नाही नीट.
पास म्हणून लिहून टाकलं.

पोरीचा पाय टेकला. ती पुन्हा सुरुवातीला गेली.

कार्ड पोस्टानं घरी येईल म्हणे, पंधरा दिवसांत.
तोवर माझ्याकडं एक पावती, आणि भोक पडलेलं पुस्तक.
फाटकापाशी एका टेम्पोला वाट देत
मी गाडी वरून खाली घेतली,
जरा पोट काढून वळवली,
आणि उजवीकडं, माधवनगरच्या बाजूला,
पाय न टेकता