शेंडेफळ

आमच्या पादांगात हिला म्हणतात गिगी बुंग्सू,
शेंडेफळ दाढ.
कुठल्याशा मुलखात म्हणे हिचं नातं अकलेशी जोडतात.
असेल.
माझी आली छत्तिसाव्या वर्षी,
जागा नव्हती तरी आली,
शेजारणीच्या अंगावर रेलून आडवी पडली
आणि दोन रमजान ठणकत राहिली.

डॉक्टर एल्विरा माझ्या भाचीएवढी.
तिने दाढेचे तीन तुकडे केले.
जबडा बधिर होता, कान नव्हते;
करवंटी खरवडल्यासारखा आवाज
माझ्याच डोक्यात, आतून.
मग दोन टाके, आणि कागदावर सूचना:
थुंकायचं नाही. स्ट्रॉ नाही. तिखट नाही.
खड्ड्यात रक्ताची गाठ धरेल,
तिला जिभेने डिवचायचं नाही.
ती निघाली तर हाड उघडं पडतं.

तिखट नाही!
आणि माझी तर खानावळ.
पहाटे चारला पाट्यावर मिरच्या,
एकोणीस पातेली, प्रत्येकातला थेंब तळहातावर घेऊन
डोळे मिटून मी चाखते तेव्हा दार उघडतं.
आता मुरसाल चाखतो.
भुवया उंचावून विचारतो, मीठ?
मी खांदे उडवते.

मागच्या खोलीत मी, गालाला बर्फाची पिशवी,
आरशात एका बाजूने फणस.
समोर पांढरी पेज.
हनुवटीवरून ओघळते ते मला कळत नाही,
मुरसालची पोरगी हसते तेव्हा कळतं.
आणि जीभ, मेली,
दर मिनिटाला खड्ड्याच्या काठाशी जाऊन उभी.
चार भावंडं वाढवली, इतकं हट्टी कुणी निघालं नाही.
एक सोडून.

तिसऱ्या रात्री बातामहून त्याचा फोन.
अफदाल. आई गेली तेव्हा चार वर्षांचा.
त्याचे दुधाचे दात मीच टाकले,
खालचे छपरावर, वरचे पलंगाखाली.
एरवी आमचं बोलणं दीड मिनिटाचं:
जेवलास? पैसे पुरले? शिपयार्डातला साहेब बरा आहे ना?
हो उनी. हो उनी. ठेवतो.
आज माझा जबडा बोटभरसुद्धा उघडत नव्हता.
हं, म्हटलं.
तो थांबला. वाट बघितली असेल.
मग म्हणाला,
उनी, शिपयार्ड मार्चमध्येच सुटलं.
हं.
म्हणजे त्यांनीच काढलं.
हं.
एका खानावळीत भांडी घासतो. मालक जांबीचा, पाटी पादांगची.
रेंदांगमध्ये हळदीचं पान टाकत नाही गं तो!
एकदा मी टाकलं, गुपचूप.
त्या दिवशी एका म्हाताऱ्याने तीनदा भात मागितला.

जिभेच्या टोकाशी काय काय आलं,
त्याच्या वेल्डिंगच्या कोर्सपायी विकलेली बांगडी,
मार्चपासूनचे सगळे खोटे हो,
आलं, टाक्यांवर आपटलं,
तिथेच बसलं.
तो सत्तेचाळीस मिनिटं बोलला.
शेवटी विचारलं, रागावली नाहीस?
गाठ नुकती धरत होती.
मी हं म्हटलं, जरा लांब.

आठव्या दिवशी टाके निघाले.
डबीतले तीन तुकडे मी छपरावर फेकले, खालची दाढ म्हणून.
टण. टण.
तिसरा घरंगळत खाली आला,
कोंबडीने चोच मारून पाहिली, सोडून दिला.
पुन्हा फेकला.
मग मुरसालच्या हातातली पळी घेतली.
मीठ कमी.
सात दिवस कमीच होतं, कुणी बोललं नव्हतं.

संध्याकाळी हळदीची पानं तोडली,
वर्तमानपत्रात गुंडाळली,
पत्ता विचारायला फोन लावला.
तोंड आता पुरतं उघडत होतं.
जेवलास? अगदी ओठांवर होतं,
मी बोळा चावावा तसे दात दाबले.
हं, म्हटलं.
बोल.