अजून ओलंय

माझं दुकान भुसावळला, मालधक्क्याच्या रस्त्याला.
फ्रेमा करतो. देव, लग्नं, आणि गेलेली माणसं.
गेलेल्यांना काळी पट्टी, देवांना सोनेरी,
यात विचार करण्यासारखं काही नसतं.

उखर्डू तायडे वॅगनींवर आकडे काढायचा.
पत्र्याचा साचा, पांढरा रंग, आकडा, पुढची वॅगन.
एकोणीस वर्षं पांढरा.
एकदा आला गुंडाळलेलं कॅलेंडर घेऊन.
मागच्या कोऱ्या बाजूला म्हैस,
लाल. डोळ्यांत पाणी यावं अशी लाल,
केळीच्या बागेत बसलेली, आणि केळी जांभळ्या.
मी म्हटलं, भो, लाल म्हैस कुठी पाह्यली तू?
म्हणाला, मावळतीले वाघूरच्या पुलावर उभा राहून पाहा.
तुले काळीच दिसली तर पैसे परत.

पैसे कुणाचे आणि परत कुणी करायचे
हे मला आजवर कळलेलं नाही.

शाळा चौथी.
चित्रांची शाळा म्हणजे रंगाच्या दुकानातलं शेडकार्ड,
मागून आणलेलं, तेलकट.
रंगांना तो नंबरानं ओळखायचा.
आईच्या लुगड्याचा दोनशे चौदा,
पहाटेच्या तापीचा सहाशे दोन,
भरताच्या वांग्याचा, भाजायच्या आधीचा, तो पोपटी-पांढरा,
त्याला नंबरच नाही,
तो घरी कालवावा लागतो.
मे महिन्यात, शेचाळीस डिग्रीत, ऑइलपेंट धरत नाही,
ओघळतो. यानं ओघळ पुसले नाहीत.
पुढे पुण्यात कुणीतरी त्या ओघळांवर भाषण केलं.

हो, पुणं. मग बडोदा. मग एक विमान,
ज्याबद्दल तो एवढंच सांगायचा
की वरून शेतं वॅगनींसारखी दिसतात,
नंबर टाकायच्या राहिलेल्या.
गॅलरीतल्या बाई म्हणाल्या, नाव जरा...
यू. तायडे लिहू या का?
हा बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
आधीची तीन गेली. मी झालो तसा आईनं उकिरड्यावर ठेवला,
घटकाभर,
मरणानं बघून नाक मुरडावं म्हणून.
आणि उचलून घेतला.
नाव तेच राहील.

त्यानंतरचं चित्र उकिरड्याचं. नऊ फूट.
राख, कांद्याची सालं, फुटक्या बांगड्या, शेण,
शेडकार्डातले सगळे नंबर एका ढिगावर,
आणि मधोमध थोडं कापड तसंच सोडलेलं, कोरं,
बाळाच्या पाठीएवढं.
एवढी लांब पट्टी माझ्याकडे नव्हती.
जोड दिला. सागवान, पॉलिश, दोन दिवस मोडले.
त्यानं एका दुपारी माझी पट्टीच रंगवून टाकली,
ढीग चौकटीवर सांडला.
आठ दिवस मी बोललो नाही त्याच्याशी.

ते चित्र आता कुणाच्या भिंतीवर आहे, ठाऊक नाही.
लाल म्हैस माझ्याकडेच राहिली.
तिला काळी पट्टी लावली नाही, सोनेरीही नाही.
परवा एक जण वडिलांचा फोटो घेऊन आला,
पट्टी निवडता निवडता वरच बघत राहिला.
ही म्हैस केवढ्याला?
विकायचं नाही म्हणणं धंद्यात जिवावर येतं.
म्हटलं, अजून ओलंय.

अकरा वर्षं हेच सांगतोय.