खुर्ची नंबर चार

कोपरीत, झेरॉक्सच्या दुकानाला लागून
आमचं डायलिसिस सेंटर : नऊ खुर्च्या, नऊ यंत्रं,
आणि दारात एक शेवगा, कुणी लावला माहीत नाही.
मी सुया टोचते. चार तास रक्त बाहेर फिरून येतं,
तेवढा वेळ माणसाला काहीतरी ऐकायला लागतं.

टीव्ही होता. त्यावर सगळे एकमेकांवर ओरडत.
मढवीमामांनी एक दिवस तो बंद केला
आणि लादी पुसता पुसता म्हणाले,
"ह्या चार नंबरला बाळकुमचा गोपीनाथ बसायचा.
अठरा वर्षं. सायकलवर यायचा, सायकलवर जायचा."

बस, एवढंच. फडकं पिळलं, बादली उचलली, गेले.

पुढच्या पाळीला फरीदाबींनी विचारलं,
"पाणी किती प्यायचा हो तो?"
"पाणी?" मामा म्हणाले. "बर्फाचा एक खडा.
गालात धरून माजिवड्यापर्यंत पुरवायचा."

महिनाभरात ते आमच्या वजनकाट्याला कळलं.
दोन पाळ्यांमध्ये तीन-तीन किलो पाणी चढवून येणारी माणसं
दीडवर आली.
चार वर्षं मी आहाराचे तक्ते वाटले होते,
लॅमिनेट केलेले. त्यांवर लोक चहाचे कप ठेवत.

गोष्ट मग मामांची राहिली नाही.
कुणी गोपीनाथच्या मुलीचं लग्न लावून दिलं,
कुणी त्याला अळणी कोलंबी खायला शिकवलं,
शेवगा त्यानेच लावला असं ठरलं,
आणि फरीदाबींनी तर त्याला राबोडीत
कोंबडीचा भाव करताना पाहिलं, स्वतःच्या डोळ्यांनी.
एकोणीस वर्षांचा निहार, दोन पाळ्या बुडवून
भिंतीकडे तोंड करून घरी पडलेला,
चार नंबर दुसऱ्याला देतायत कळल्यावर
रिक्षा करून आला. दारातूनच म्हणाला, "उठवा त्याला."

एका रिकाम्या दुपारी मी जुनं रजिस्टर काढलं.
गोपीनाथ होता. बाळकुमचाच.
पाळ्या अकरा. मग लाल शाईची आडवी रेघ.

मामांसमोर पान धरलं. चष्मा नव्हता, तरी त्यांनी वाचलं.
"अकरा वेळा आला ना तो? पुढच्या मी मोजल्या."

मला हसू आलं. राग नंतर आला,
कस्तुरे मास्तरांच्या वेळी.
त्यांची बहीण नौपाड्याहून आली, तपासण्यांची फाईल घेऊन,
सगळं जुळत होतं, ती द्यायला तयार होती.
मास्तर म्हणाले, "कशाला तिला कापायचं?
गोपीनाथ चालला की अठरा वर्षं."
मी तोंड उघडलं. आठ खुर्च्या ऐकत होत्या.
मी तोंड मिटलं, आणि सुई नीट बसलीय का ते पाहिलं.

मास्तर दोन पावसाळे चालले.
बहीण नंतर एकदा येऊन त्यांचा डबा घेऊन गेली.
माझ्याकडे तिने पाहिलं नाही. किंवा मीच.

मामा आता दिघ्याला, मुलाकडे.
फोन केला की आधी विचारतात, "चार नंबरला कोण?"

काल एक नवी बाई आली, कळव्याची, हात गार पडलेले,
खुर्चीच्या कडेला बसली, पाठ टेकायला तयार नाही.
म्हणाली, "किती दिवस हे?"
मी चिकटपट्टी फाडत म्हटलं,
"इथे एक गोपीनाथ बसायचा. बावीस वर्षं."
(मध्ये चार उलटली, ती धरायला नकोत?)

तिने पाठ टेकली.

मग जरा थांबून मी पुढचं सांगितलं,
जे मामांच्या गोष्टीत नव्हतं :
शेवटी त्याच्या बहिणीने त्याला विचारलं,
आणि तो हो म्हणाला.