दोरी

ग्वाल्हेर, जिन्सी नाला. कुशवाहच्या गॅरेजात
लँडमास्टरची नवी काच घोंगडीवर आडवी.
कडेनं काळं रबर, रबराच्या खाचेत
पडद्याची नायलॉन दोरी,
वर साबणाचं पाणी.

"अंदर बैठो भाईसाब. खींचो, मगर हौले."

मी ओढतो.
दोरी निघते तसा रबराचा ओठ
पत्र्याची कड ओलांडून आत येतो, इंच इंच.
बाहेरून ताई तळहातानं काच दाबत सरकते
माझ्या हाताच्या मागोमाग.
वाटणीनंतर पहिल्यांदाच इतक्या जवळून
तिच्या कानातल्या आईच्या कुड्या.

मग बादलीभर पाणी.
डाव्या कोपऱ्यातून थेंब.
कुशवाह चिडला, दोरी पुन्हा शोधू लागला.
ताई म्हणाली, राहू दे,
अण्णांच्या वेळीही इथंच गळायचं,
आणि पर्समधला रुमाल
तिथं खोचला.