पाण्याची कडी

शार्दूल दिवाळीनंतर गेला किन्नौरला,
कोल्ड स्टोरेजच्या नोकरीवर.
जाताना माझ्या हवाली करून गेला
वीस लिटरचा काचेचा बुधला.
शाहूपुरीत, आमच्या जिन्याखाली ठेवलाय,
जिथं आधी रिकामा सिलिंडर असायचा.

आत मार्केट यार्डातल्या डागी सफरचंदांचा रस,
तोंडाला रबरी बूच,
बुचात एक वाकडी नळी,
नळीच्या वळणात दोन बोटं पाणी.
“काका, एवढंच बघायचं.
आतली हवा बाहेर जाऊ दे,
बाहेरची आत नको.
पाणी आटलं की कडी निघाली समजा.”

इंदुमती वाकून बघत म्हणाली,
हा तर मोरीचाच पाईप.
खरंच की. बेसिनखाली हेच वळण,
हेच साचलेलं पाणी, गटाराचा वास थोपवून धरणारं.
तिला अर्धं मिनिट लागलं.
मला आठवडा.

चौतीस वर्षं सिव्हिलमध्ये ब्रदर होतो.
थेंब मोजण्यात गेली.
मिनिटाला किती, चाक जरा फिरव, पुन्हा मोज,
पहाटेचे तीन, कोपऱ्यातल्या खाटेवर खोकला,
थेंब खाली येत राहायचे
आणि कधी कधी सलाईन निम्मी असतानाच –
जाऊ दे ते.

इथं उलटं. इथं बुडबुडा वर येतो.
पहिले दहा दिवस तर मोजताच येईनात,
खदखदत्या साबुदाण्यासारखे.
मग एका दुपारी फेस चढला नळीत, तपकिरी, चिकट.
नळी काढली, जुन्या टूथब्रशनं घासली,
तोवर बुचाच्या भोकात स्पिरिटचा बोळा.
हात थरथरले नाहीत.
निवृत्तीनंतर पहिल्यांदाच
हातांकडे जरा कौतुकानं बघितलं.

एकदा वळणात चिलट मेलेलं सापडलं.
एवढंसं. आत पोचलं असतं
तर वीस लिटर शिरका.
पाणी ओतलं, उकळून गार केलेलं नवं भरलं, ड्रॉपरनं.

हळूहळू वेग उतरला.
कॅलेंडरवर दुधाच्या रकान्यात लिहायला लागलो:
नऊ सेकंदाला एक. चौदाला एक. चाळीसला.
शार्दूलचा फोन पूर्वी असा असायचा:
बरं आहे? बरं आहे. ठेवू? ठेव.
आता पंधरा मिनिटं.
पाणी किती आहे, रंग कसा आहे,
बूच ओलं लागतंय का बोटाला.

मार्गशीर्षात येवतेश्वराकडून अशी थंडी उतरली
की जिन्याची फरशी पायाला चावायची.
तीनला लघवीला उठलो, बॅटरी मारली.
बुडबुडा उलटा चालला होता.
पाणी आतल्या बाजूला चढलेलं,
बुधला आकसून बाहेरची हवा ओढत होता,
आणि बघता बघता
पाण्याचा एक घोट गेला आत.
मी मफलर काढून त्याच्या गळ्याला गुंडाळला.
वरून इंदुमतीची शाल.
सकाळी त्यावरून जे झालं ते वेगळं.

दोन दिवस सांगितलं नाही त्याला.
तिसऱ्या दिवशी सांगितलं.
“उकळलेलं होतं ना?”
“उकळलेलं होतं.”
“मग काय नाही.” थांबला.
“काका, इथं रात्री नळ गोठतात.
खोलीत चौघं आहेत, तिघांची भाषा मला येत नाही.
रविवारी दिवसभर मी एक शब्द बोललो नाही.”
मी मध्ये काही बोललो नाही.
जेवतोस का वेळेवर, हेसुद्धा नाही.
येऊ दिलं.

आता माघ. नळी शांत आहे,
दोन्ही बाजूंना पाणी सारखं.
उघडायचं तो आल्यावर.
तरी दर सोमवारी बदलतो मी पाणी.
कडी काही फक्त घरात कुणी बोलत असतानाच लावत नाहीत.

परवा कराडला लग्नाला गेलो, मुक्काम पडला.
परत येऊन बघतो तर नळी भरलेली, काठोकाठ नाही, नेमकी,
आणि दुधाच्या रकान्यात
इंदुमतीचं तिरकं अक्षर:
रात्री सव्वानऊ. एक आला. मोठा.