कागदभर अंतर

मिरजेत, दर्ग्यामागच्या गल्लीत,
माळ्यावर मी जोडलेलं यंत्र.
रूळ कुपवाडच्या भंगारातले, मोटारी कुरिअरनं आलेल्या.

चालू केलं की त्याला काही आठवत नाही.
म्हणून आधी घरी जायचं:
वर, मग डावीकडे, मग मागे,
स्विचला टेकेपर्यंत.
टिक. जरा माघार. पुन्हा हळू. टिक.
त्याला त्याचं घर कळलं,
माझं लाकूड कुठाय ते अजून नाही.

तुणाच्या फळीचा कोपरा मी दाखवायचा.
उंचीसाठी लाइटबिलाचा तुकडा
पात्याखाली मागेपुढे करत राहायचं,
अडेपर्यंत. फाटेपर्यंत नाही.
स्क्रीनवर: शून्य, शून्य, शून्य.

"तीन भोपळे!" दस्तगीरचाचा म्हणाले,
उभा जन्म तंबोऱ्याच्या भोपळ्यांवर काढलेला माणूस.

पान अर्धं कोरलं आणि वीज गेली.
आली तेव्हा यंत्र कोरं.
घर सापडलं, टिक, टिक,
पण कोपरा मीच तासून टाकलेला
आणि आकडे कुठंच लिहिले नव्हते.

चाचांनी पात्याचं टोक
देठाच्या जुन्या खाचेवर आणायला लावलं.
मग बिलाचा तुकडा माझ्या हातातून घेतला,
तारेखाली सूत सरकवतात तसा
सरकवत राहिले, मान कलती.
"उतरव. अजून. केसभर.
थांब. बोलला."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.
शून्य तिथंच मांडलं.

पान पुरं झालंय.
देठाशी किंचित चुकलंय म्हणतात;
ते त्यांनाच दिसतं.