थोडा वारा आहे

सकाळी मेंढ्या दगडी कुंपणाच्या आडोशाला गेल्या
आणि एकमेकींच्या पोटाखाली तोंडं खुपसून उभ्या राहिल्या.
मी पाहिलं.
पाहिलं, आणि तरी होडी पाण्यात ढकलली.
हे आधीच सांगून टाकते.

कार्लोबागला जाऊन यायचं, एवढंच.
चीज दाबायच्या यंत्राचं मळसूत्र झिजलं होतं;
येर्को लोहार म्हणाला होता, नवं तयार आहे, घेऊन जा.
बरोबर भाचा दुये, वय चौदा, झाग्रेबचा,
समुद्र म्हणजे सुट्टी, असं मानणारा.
आणि आमची सोळा फुटी जुळी नाव:
दोन सडसडीत पोटं, मध्ये ताणलेली जाळी,
वर शहाण्या माणसानं लावू नये एवढं शीड.

परतताना, अर्ध्या वाटेत,
वेलेबिटच्या माथ्यावर ढगाची टोपी चढली.
बाकी आभाळ निळं, घासलेल्या ताटासारखं.
बूरा असाच येतो.
काळोख नाही, गडगडाट नाही,
डोंगरानं दार उघडावं
आणि आतलं सगळं अंगावर पडावं, तसा.

"आत्या, पाण्यातून धूर निघतोय."
"मागे सरक."
"पण आत्या—"
"मागे! पुढची टोकं बुडाली
की नाव आपल्यासकट कोलांटी खाईल."

पुढच्या शिडाचा दोर सोडून दिला,
ते चाबकासारखं वाजलं आणि फाटून गेलं.
मोठं मात्र उतरेना.
डोलकाठीच्या टोकाला एक आकडा असतो, दोन बोटांएवढा,
त्याच्या मर्जीवर सगळं.
नाव वाऱ्याच्या तोंडी उभी केली,
खालचा ताण सैल केला, काठी फिरवली,
दोर वर खेचला, सोडला.
नाही.
पुन्हा.
नाही.
तिसऱ्यांदा त्याला आईची शिवी हासडली,
म्हणजे आई जी फक्त एडक्याला द्यायची, ती.
शीड धाडकन खाली आलं
आणि दुये त्यावर पालथा पडला,
कातरणीच्या वेळी मेंढी दाबून धरावी
तसं त्यानं ते दाबून धरलं.
कुणी शिकवलं होतं त्याला?

उघड्या काठीवरही नाव पळतच होती.
मग सर्वात लांब दोर घेतला,
त्याची टोकं दोन्ही पोटांच्या शेपटांना बांधली
आणि मधला फास मागे पाण्यात सोडला.
गाढव चढावर अडून बसतं ना,
तसा तो दोर अडून बसला.
वेग उतरला. थोडा.
तेवढा पुरला.

मळसूत्र मागच्या दांडीला बांध, म्हटलं.
बांधलं नाही त्यानं, मांडीवर घेऊन बसला,
चार किलो थंडगार लोखंड,
आणि दात वाजत असताना त्याचे आटे मोजत राहिला.
"एकवीस," म्हणाला.
जरा वेळानं पुन्हा, "एकवीस."

पाग बेटाचा हा किनारा म्हणजे नागडा खडक.
उतरायला एकच फट, गोट्यांची चिंचोळी पट्टी,
आम्ही तिला बाही म्हणतो, कारण हात घालावा तसं आत शिरावं लागतं.
ती दिसली तेव्हा डावीकडे होती,
मग उजवीकडे, मग दिसेनाशी झाली,
मिठाच्या धुरात डोळे उघडे ठेवणं
हेच एक काम होऊन बसलं होतं.
"सुकाणूची पाती वर! आत्ता!"
आणि दगडांवर घासल्याचा तो आवाज,
जो इतर कुठल्याही दिवशी ऐकून मी रडले असते.

डाव्या पोटाला वीतभर चीर. उजवं शाबूत.

रात्री झाग्रेबहून वहिनीचा फोन.
कसं काय तिकडे?
दुयेनं माझ्याकडे पाहिलं.
त्याच्या तळहातांची सालं निघाली होती.
"थोडा वारा आहे," तो म्हणाला. "मळसूत्र आणलं."

तिसऱ्या दिवशी वारा पडला.
सगळं बेट मिठानं पांढरं:
कुंपणं, काटेरी झुडपं, उलटी घातलेली नाव.
मेंढ्या आडोशातून बाहेर आल्या
आणि गवत शोधायचं सोडून सरळ नावेकडे गेल्या.
खरबरीत जिभांनी चाटत राहिल्या ती दोन्ही पोटं,
चिरेपाशी जरा जास्तच वेळ.
मी हाकललं नाही.